फुप्फुसातली गोल गाठ

"कॅन्सरच आहे, मॅडम. यात आणखी बघायचं काय उरलंय?"

श्रीरंगने मायक्रोस्कोपवरून मान वर न करताच विचारलं. पॅथॉलॉजीत सुवर्णपदक मिळाल्यापासून स्वारीला उत्तर द्यायची भारी घाई.

पलीकडे ऑपरेशन टेबलावर जाहिदाबाई पटवेकर भुलीखाली होत्या. छाती उघडलेली, गाठीचा तुकडा इकडे तपासायला आलेला आणि सर्जन निकालासाठी खोळंबलेले. कॅन्सर म्हटलं की फुप्फुसाचा खालचा आख्खा भाग जाणार होता. आणि बाई शाळेत गाणं शिकवायच्या.

त्याच्या वरिष्ठ दिघे मॅडम मायक्रोस्कोपवर बसल्याच नाहीत. त्यांनी स्लाइड काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली.

"काय दिसतंय?"

"असं नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार?"

"तेच तर विचारतेय."

...

काचेवर इवलासा गुलाबी तुकडा. त्याचा काठ मात्र गोल, रेखीव, कुठेही आजूबाजूला न घुसलेला. श्रीरंगने थेट मोठं भिंग लावलं होतं. हा काठ त्याने पाहिलाच नव्हता. आता त्याला राहवेना.

"कॅन्सर सहसा इतका शहाण्यासारखा वागत नाही..."

"मग लहान भिंगापासून परत बघ. सावकाश."

"सर्जन थांबलेत, मॅडम."

"म्हणूनच सावकाश."

श्रीरंग बघू लागला. मघाशी एकाच जातीच्या वाटलेल्या पेशी आता दोन जातींच्या निघाल्या. काही वर अस्तरासारख्या बसलेल्या, काही त्यांच्याखाली गोलसर. दोन्ही अगदी शांत.

"मॅडम... हे आहे तरी काय?"

वर्षभरात पहिल्यांदाच त्याने खरोखर काही विचारलं होतं. मॅडमना मनापासून बरं वाटलं. स्वतः भिंगातून नीट बघून त्यांनी फोन उचलला.

"कॅन्सर म्हणावं असं काही दिसत नाही. तेवढी गाठच काढा. पक्का निकाल मागाहून देते."

पुढच्या आठवड्यात पक्क्या स्लाइड्स आल्या. न्यूमोसायटोमा. निरुपद्रवी, आणि फार क्वचित सापडणारा. जाहिदाबाईंचं फुप्फुस वाचलं होतं.

श्रीरंग हरखून गेला. "केवढा दुर्मिळ, मॅडम! फुप्फुसाच्या इतक्या गाठी मी हातावेगळ्या केल्या, पण हा एकदाही पाहिला नव्हता."

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला.

...

"तू त्याला पाहिलं नव्हतंस. त्याने तुला भिंगाखालून कितीदा पाहिलं असेल?"