चार बोटांचं जाळं

"मग खोट होती तरी कुठे, बाबाजी?"

हेमराजने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दसाराम वलथरे उकडलेला शिंगाडा सोलत होते. यंदाच्या उन्हाळ्यात काचबिंदूने त्यांचे डोळे नेले, पण बोटांना कुणी तसं कळवलेलं दिसत नव्हतं. साल सुपात पडत होतं, शिंगाडा ताटलीत.

"खा," ते म्हणाले. "औंदा गोड हाये."

हेमराजने खाल्ला. गोड होता. नागपूरच्या बाजारातून त्याने अठ्ठावीस वर्षं शिंगाडे नेले, घरी उकडले, मीठ कमीजास्त करून पाहिलं. ही चव काही आली नव्हती. त्याला एकदम भरून आलं. मग आपण भांडायला आलोय हे आठवून त्याने साल जरा जोरातच सुपात टाकलं.

"मी शिंगाडे खायला आलो नाही, बाबाजी."

"मंग नको खाऊ."

आणि ते पुढचा सोलू लागले.

मोहबांधच्या तलावाची पाळ ओसरीतून दिसत होती. धान कापून झालेलं, हवेत गारवा, पाण्यावर दूरदेशची बदकं उतरलेली. पावसाळाभर ढिवर टोलीतलं, म्हणजे मासेमाऱ्यांच्या वस्तीतलं, कुणी या तलावात जाळं घालत नाही. मासा अंडी घालतो, पिल्लं वाढवतो, त्याला तेवढे दिवस द्यायचे. दिवाळी गेली, पाणी निवळलं, की टोली एक दिवस ठरवते. त्या दिवशी पाळीवर नारळ फुटतो, आणि एकच माणूस पहिलं जाळं टाकतो. बाकीचे त्याच्यामागून.

तो दिवस उद्या होता.

एक्केचाळीस वर्षं पहिलं जाळं दसारामबाबांनी टाकलं. आता डोंग्यात पाय कुठे ठेवायचा हेही त्यांना कुणीतरी सांगावं लागे. उद्या कोण टाकणार, याची टोलीत महिनाभर चर्चा होती. तरण्याबांड गड्यांची काही वाण नव्हती. पण पहिलं जाळं हाताने विणणाऱ्यानेच टाकायचं असा तिथला नियम, आणि टोलीत आता सगळे तयार जाळी आणत. हाताने विणणारे दोघंच उरले होते. एक आंधळा झालेला, आणि एक नागपूरला कारखान्यात फिटर.

तो फिटर आज सकाळच्या एसटीने आला होता. नोकरी सोडून, एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत जाळं घेऊन.

"मला पहिलं जाळं नको," त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. "ते तुम्ही कुणालाही द्या. मला फक्त माझ्या जाळ्याचं कळू द्या."

साफ खोटं बोलत होता. पण हे जाळं पास झाल्याशिवाय पहिल्या जाळ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, एवढं मात्र खरं.

आता ते जाळं दोघांच्या मधे पडलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं, फेकायचं जाळं. काठाला शिशाच्या गोळ्या. इतक्या वर्षांत पाण्याचा थेंब त्याला लागला नव्हता.

"आठ महिने विणलं होतं मी हे," हेमराज म्हणाला. "एक गाठ सैल नाही. कारखान्यात गेल्यावर व्हर्निअर लावून जाळ्याचं प्रत्येक घर मोजलं. केसाचा फरक निघाला नाही."

"का लावून?"

"व्हर्निअर. मोजायचं असतं ते."

"हां." बाबांनी मान हलवली. "मासा बी तेच लावून पाहत असन."

उंबऱ्याशी तांदूळ पाखडणाऱ्या सगुणाबाई हसल्या. त्या दसारामबाबांच्या बायको. टोली त्यांना आई म्हणे, हेमराजही.

हेमराजला हसू आलं नाही. त्याला तो दिवस आठवला.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. इतका काटकुळा, की टोलीत त्याला काडी म्हणत. बाप लवकर गेलेला. चार वर्षं तो दसारामबाबांच्या डोंग्यात बसला. शिकवणं असं बाबांनी कधी केलंच नाही. ते विणत, हा बघे. चार बोटांभोवती दोरा घ्यायचा, बांबूची सुई खालून काढायची, गाठ आवळायची, बोटं काढायची. पुन्हा चार बोटं. बाबा बोलत कमी, आणि बोलले तर पाण्याशीच बोलल्यासारखे बोलत.

पहाटे पाण्यावर धुकं असे. बाबा जाळं ओढून घेत, आणि वर येता येता एखादा बारका मासा जाळ्याच्या घरातून निसटे. हेमराज त्याला पकडायला झेप घेई. डोंगा हले, पाणी आत येई.

बाबा म्हणत, "जाऊ दे. मोठा होऊन येते."

हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की तो त्यांच्या आवाजात त्याची नक्कल करी. कारखान्यात एखादा नट हातातून सुटून यंत्राखाली गेला, तरी त्याच्या तोंडून तेच निघे. बाकीचे फिटर हसत. मग त्याला दिवसभर काही सुचत नसे.

आपलं जाळं पुरं झालं तेव्हा तो ते घेऊन अशाच दिवाळीनंतरच्या दिवसात पाळीवर गेला होता. सगळी टोली जमलेली. बाबांनी जाळं हातात घेतलं. इकडून तिकडे हात फिरवला. मग बाबांनी ते घडी करून परत दिलं.

"बोटं जाड होऊ दे," ते म्हणाले. "मंग विण."

टोली हसली. काडीला बोटं जाड कर म्हणाले, हसण्यासारखंच होतं. कुणीतरी म्हणालं, याला आधी मटण चारा. तिसऱ्या दिवशी हेमराजने पत्र्याची पेटी उचलली आणि एसटी धरली.

"भर टोलीत तुम्ही माझं हसं केलं," तो आता म्हणाला. आवाज चढला नव्हता. "अंगाने बारीक होतो, हा काय माझा गुन्हा? जाळ्यात खोट होती तर ती दाखवायची होती."

बाबांनी हात पुसले.

"दे इकडे."

हेमराजने जाळं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सगुणाबाईंचं सूप थांबलं.

बाबांची बोटं जाळ्यावरून हळूहळू चालत गेली. गाठीवर थांबत, पुढे जात. एका ठिकाणी त्यांच्या तोंडावर हसू आलं. कशाने आलं ते त्यांनाच ठाऊक.

"सुरेख विणलं रे," ते म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं ज्या तीन शब्दांची वाट पाहिली ते शब्द आले, आणि हेमराजला कळेना यांचं आता काय करायचं.

"तेव्हाबी सुरेखच होतं," बाबा म्हणाले.

"मग..."

"हात दे तुहा. उजवा."

त्याने हात दिला. बाबांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. कानशीने घासून घासून राठ झालेला हात, हातोड्याचे घट्टे, एक नख काळं पडलेलं. बाबांनी त्याचं एकेक बोट अंगठ्याने दाबून पाहिलं. बाजारात दुधी बघावा तसं.

मग त्यांनी जाळ्याचं एक घर दोन बोटांनी ताणून धरलं.

"घाल बोटं."

"काय?"

"चार बोटांवर विणलं न हे? तुह्याच बोटांवर? घाल मंग."

हेमराजने बोटं घातली. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं जरा रेटून गेलं. चौथं...

चौथं जाईना.

त्याने हात काढला, बोटं जुळवून पुन्हा घातली. शेजारचं घर पाहिलं. त्याच्या शेजारचं पाहिलं. सगळी घरं तंतोतंत सारखी होती. व्हर्निअरने खरंच सांगितलं होतं. प्रत्येक घरात तीन बोटं जात होती आणि चौथं बाहेर राहत होतं.

बाबांनी मागे खुंटीकडे हात केला. तिथे त्यांचं जाळं टांगलेलं होतं, काळपट पडलेलं, जागोजागी गाठी मारलेलं. हेमराजने उठून ते काढून आणलं, आणि कुणी न सांगता त्याच्या घरात बोटं घातली.

चारही गेली. अंगच्या सदऱ्यासारखी बसली.

त्याने दोन्ही जाळी शेजारी शेजारी धरली. काडीची बोटं, काडीचं जाळं... त्यातून काय सुटलं असतं? चार बोटं रुंदीचं पिल्लूसुद्धा सुटलं नसतं. त्या वर्षी ते पाण्यात पडलं असतं तर दोन दिवसांत सगळ्या टोलीत त्याचीच वाहवा झाली असती, सगळ्यांनी तसंच विणलं असतं, आणि दोन वर्षांत तलावात हात घालायला काही उरलं नसतं.

"तुम्ही बोटांचंच बोलत होता," तो म्हणाला.

"मंग का नाकाचं?"

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो, पण एवढंच होतं तर नीट सांगायचं ना," हेमराज म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "म्हणायचं, बाबा रे, घरं बारीक झालीत, माझ्या बोटांच्या मापाने विण. पुढच्या आठ महिन्यांत दुसरं विणून आणलं असतं."

"माह्या मापानं विणलं असतं तर ते माहं जाळं झालं असतं."

बाहेर बदकं एकदम उठली, पाण्यावर एक गिरकी घेऊन पुन्हा बसली.

बाबांनी आपलं जाळं त्याच्या हातातून घेतलं. झटकलं. त्याची नीट घडी केली, शिशाच्या गोळ्या आत वळवल्या. मग चाचपत चाचपत त्याची मांडी शोधली आणि घडी तिच्यावर ठेवली.

टोलीत पहिलं जाळं टाकायचा मान असाच देतात. तोंडाने काही म्हणायचं नसतं.

सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. हेमराजच्या मांडीवर ते ओझं पडलं, आणि त्याचे हात आपोआप त्याच्यावर गेले. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं. मिळालं, आणि सुख व्हायच्या ऐवजी आतून काहीतरी उकलत वर आलं. मग कळलं, तो जाळ्याची खोट विचारायला आलाच नव्हता. खोट कळली असती, नसती कळली, त्याने काही अडलं नसतं. जे अडलं होतं ते दुसरंच होतं.

"औंदा हे टाक," बाबा म्हणाले. "पुढच्या साली तुह्या बोटावरचं. आणि ते पांढरं..."

"ते माह्याजवळ दे," सगुणाबाई म्हणाल्या. "वाळवणावर टाकीन. एक चिमणी चोच घालन तर शपथ."

हेमराज हसला नाही. मांडीवरच्या जाळ्याकडे बघत तो बोलला, आणि बोलताना नागपूरची, कारखान्याची, साहेबांशी बोलायची मराठी त्याच्या तोंडून कुठल्या कुठे गळून गेली.

"बाबाजी... त्या दिवशी मले थांबवलं काऊन नाई?"

त्याने जाळ्याच्या काठाची एक गोळी चिमटीत धरली.

"तुमी पाळीवर बसले होते. जाळं सांदत होते. मी पेटी घेऊन तुमच्या पुढून गेलो. मुद्दाम हळू गेलो. एसटी यायले टाइम होता तरी... तुमी एकडाव मान वर करून पाह्यलं नाई. मी म्हटलं, एकदा थांब म्हणतीन. नुसतं काडी म्हणून हाक मारतीन. परत फिरलो असतो मी."

त्याने डोळे पुसले नाहीत. बाबांना दिसत नव्हतं, आणि आईपासून काय लपवायचं.

"पाह्यलं नाई म्हणते," सगुणाबाई भांडल्यासारख्या बोलल्या. "अरे, त्या दिवशी हा माणूस एकच गाठ दुपारलोक बांधत होता. बांधे आन् सोडे. बांधे आन् सोडे. मी भाकर घेऊन गेली त मले म्हणते, गेली का व एसटी? मी म्हटलं, कवाची गेली. तरी गाठ सोडतच..."

"तू शिंगाडे पाह्य चुलीवरचे," बाबा म्हणाले.

"उतरवले मी कवाचे."

"मंग पुन्हा ठेव."

त्या आत गेल्या.

बाबांनी ताटलीतला सोललेला शिंगाडा उचलला. हेमराजचा हात शोधून त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि त्याची चारही बोटं एकेक करून त्यावर मिटवली. जाड, राठ, आता कुठल्याही घरातून सहज न निघणारी बोटं. ती त्यांनी तशीच आपल्या मुठीत धरून ठेवली.

त्यांनी तलावाच्या दिशेने तोंड केलं.

मग म्हणाले,

"आला नाई का मोठा होऊन?"