भोपळ्याच्या मापाची टोपी

फार जुनी नाही आणि अगदी कालचीही नाही, अशा काळातली ही गोष्ट. एका बेटावर एक गाव होतं. गाव एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस "देव बरं करो" म्हणायचा.

त्या गावातली पुरुषमाणसं दूरच्या जहाजांवर कामाला जात. प्रत्येक घराच्या दाराशी एक लाकडी खुंटी होती. नाताळ आला की घरातली मुलं आपल्या हातांनी काहीतरी बनवायची आणि दूर गेलेल्या माणसासाठी त्या खुंटीला अडकवायची. विकतची वस्तू तिथे चालत नसे. माणूस परत आला की दारातच आपली भेट उतरवून घेई आणि मग उंबरा ओलांडी.

या चालीला एक धाकही जोडलेला होता. माणूस यायच्या आधी खुंटीवरची वस्तू दुसऱ्या कुणी उतरवली, तर त्या माणसाची घरची वाट मोडते, असं गावातली म्हातारी माणसं सांगायची. कुणी करून पाहिलं नव्हतं. एवढं धाडस कोण करणार?

गावाला एक खोडही होती. होडी धक्क्याला लागली की सगळे जमायचे, आणि उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पेटीकडे बघायचे. पेटी केवढी, किती जणांनी उचलली, पोरांसाठी काय आणलं.

याच गावात जाळी विणणारी एक बाई आपल्या दोन मुलींना घेऊन राहत होती. थोरली दहा वर्षांची, धाकटी पाच. त्यांचा बाप चार वर्षांपूर्वी जहाजावर गेला, तेव्हा धाकटी पाळण्यात होती. जाताना तो थोरलीला म्हणाला होता, "तुला डोळे मिटणारी बाहुली आणतो. निजवली की डोळे मिटते, उठवली की उघडते."

पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. मग पत्रं थांबली.

तेव्हापासून होडीचा भोंगा वाजला की थोरली दचकायची. हातात काय असेल ते पडायचं, कधी पेला, कधी जाळं विणायची सुई. धावत धक्क्यावर जायची आणि परत येताना फार हळू चालायची. नंतर नंतर तर भोंगा वाजायच्या आधीच, नुसता वाजेल या भीतीनंही ती दचकायला लागली.

त्या वर्षी नाताळ जवळ आला. कलकल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शिंपले, करायला घरात गूळ होता, पण बाकी काही आणायची ऐपत नव्हती. आईने आपला जुना स्वेटर काढला. कोपरांना भोकं पडलेली.

"हा उसवा," ती म्हणाली. "बाबांची टोपी होईल. तिकडे समुद्रावर थंडी फार."

दोघी उसवायला बसल्या. धाकटी दोन्ही हात पुढे धरून बसली आणि थोरली तिच्या हातांवर लोकर गुंडाळू लागली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली होती. आईने ती भाताच्या वाफेवर धरली, तशी सरळ झाली. छत्रीच्या दोन काड्या घासून थोरलीने सुया केल्या. निळी लोकर पुरेना, म्हणून मधे मधे जाळ्याचा लाल दोरा घातला. धाकटीने गोंडा करायचं काम मागून घेतलं, आणि असा गोंडा केला की तो गोंडा आहे हे प्रत्येकाला सांगावं लागे.

"पण माप?" थोरलीने विचारलं. "आई, बाबांचं डोकं केवढं?"

आई जाळ्याची गाठ दाताने ओढत होती. ती म्हणाली, "त्या माणसाचं डोकं? भोपळ्याएवढं! आत तसंच, पोकळ. नाहीतर तीन वर्षांत चार ओळी लिहिल्या नसत्या?"

आई रागाने बोलली, पण धाकटीने ते माप म्हणून ऐकलं. ती तुरुतुरु बाहेर गेली आणि पडवीच्या कोपऱ्यातला लाल भोपळा दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आली.

"हे घे, बाबांचं डोकं."

थोरलीला हसू आलं. मग वाटलं, आपल्याला तरी कुठं नीट आठवतंय? बापाचं तोंड आठवायला गेलं की आधी त्याचे हात आठवायचे, मग तंबाखूचा वास, आणि तोंड येईपर्यंत सगळं पुसट व्हायचं. तो उंच होता, एवढं नक्की. उंच माणसाचं डोकं मोठं असणारच. तिने भोपळ्यावरच टोपी बेतली.

टोपी झाली. भोपळ्याला घालून धाकटीने कोळशाने नाक-डोळे काढले आणि रोज त्याच्याशी बोलू लागली. आईने भोपळ्याचे घारगे करायचं म्हटलं, तर तिने घर डोक्यावर घेतलं. "बाबांचं डोकं चिरतेस?"

नाताळाच्या आठ दिवस आधी टोपी खुंटीला लागली. भोपळा कोपऱ्यात बोडका राहिला.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. थोरलीच्या हातून कलकलांचं ताट निसटलं. पण ती धक्क्यावर जायच्या आधीच एक माणूस दाराशी येऊन उभा राहिला. खलाशीच होता, पण त्यांचा नव्हे. होडीतून उतरताना पाण्यात पडला होता, अंगावरून पाणी निथळत होतं. उत्तरेचं वारं सुटलं होतं आणि त्याने कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

"पोरी, कढत पाणी मिळेल का गं घोटभर?" तो म्हणाला. "होडी पाणी भरायला थांबलीय. कानात ठणका लागलाय, मस्तक फुटतंय."

आई जाळी पोचवायला गेली होती. थोरलीने पाणी दिलं, कोरडं फडकं दिलं. तो पाणी प्याला तरी दात वाजायचे थांबेनात. त्याची नजर सहज खुंटीवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. त्यालाही कुणाच्या तरी दारच्या वस्तूची किंमत ठाऊक असावी.

धाकटीने बहिणीचा झगा ओढला. "ताई, त्यांना टोपी दे ना."

"गप. ती बाबांची आहे."

"पण बाबा कुठं आलेत?"

"म्हणूनच काढायची नाही! वाट मोडते, माहीत नाही तुला?"

धाकटी विचारात पडली. मग म्हणाली, "ताई, बाबांच्या कानांना पण वारं लागत असेल ना? तिकडे त्यांना कोण देतं टोपी?"

थोरलीला एकदम असं दिसलं, की लांब कुठल्या तरी गावात एका दाराशी बाप भिजून उभा आहे. त्या घरात एक मुलगी आहे. तिच्या मागे खुंटीला टोपी आहे, आणि ती मुलगी टोपीच्या पुढे आडवी उभी आहे, आत्ता आपण उभ्या आहोत तशीच.

धक्क्यावरून होडीवाल्याची हाक आली. माणूस उठला, "देव भलं करो" म्हणाला आणि चालू लागला.

"थांबा!"

थोरलीने डोळे गच्च मिटले, टोपी उतरवली आणि धावत जाऊन त्याच्या हातात दिली.

त्याने टोपी घातली. ती नाकापर्यंत आली. "अगं, कुणासाठी विणलीय ही? कुठल्या राक्षसासाठी?"

"आमच्या बाबांसाठी," धाकटीने सगळं सांगून टाकलं. "त्यांचं डोकं भोपळ्याएवढं आहे, आई म्हणते. म्हणून भोपळ्याचं माप घेतलं. ही खुंटीवरून काढायची नसते, नाहीतर बाबा येत नाहीत. पण तिकडे त्यांना कुणीतरी देईल, म्हणून आम्ही तुम्हाला दिली."

माणसाने टोपी वर सारून दोघींकडे नीट पाहिलं. त्याने टोपीची कड दोनदा दुमडली, कान झाकले आणि दोघींच्या डोक्यांवर हात ठेवला. मग होडीत बसून गेला.

शेजारच्या म्हातारीने हे पाहिलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, स्वतःच्या हाताने बापाची वाट मोडलीस गं!"

संध्याकाळी आई आली. तिने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि पायरीवरच बसली. थोरलीने रडत रडत सगळं सांगितलं. आईने विचारलं, "बसली का त्याला?"

"नाकापर्यंत आली," धाकटी म्हणाली.

आई हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

नाताळ गेला. थोरली रोज येता-जाता खुंटीकडे बघायची आणि रोज तिला वाटायचं, म्हातारीचं खरं असेल तर? कुणी तिला रागावलं नाही, हेच तिला जास्त टोचायचं. पावसाळ्यात भोपळा कुजला. धाकटी दिवसभर रडली. आईने बिया काढून मागच्या अंगणात टाकल्या, वेल छपरावर चढला, त्याला पिवळी फुलं आली. होड्या आल्या, गेल्या. भोंगा वाजला की थोरली अजूनही दचकायची, पण आता ती धावायची नाही. आपण जाऊन काय बघणार, असं तिला वाटायचं.

पुन्हा नाताळ आला. या वेळी थोरलीने काहीच विणलं नाही. "खुंटीला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. धाकटीने एकटीनेच करवंटी घासून तिला शिंपले चिकटवले आणि स्टुलावर चढून खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. गाव धक्क्यावर जमलं. आईने थोरलीला हाताला धरून नेलं.

होडीतून एक माणूस उतरला. लोकांनी सवयीप्रमाणे आधी पेटी शोधली. पेटी नव्हती. गाठोडंही नव्हतं. होती ती फक्त डोक्यावर एक भलीमोठी निळी-लाल टोपी, कड दोनदा दुमडलेली, वर एक गोंडा, जो गोंडा आहे हे सांगावं लागलं असतं. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"ही माझी टोपी!" धाकटी ओरडली.

तिने माणसाला ओळखलं नव्हतं. ती टोपीला ओळखत होती.

माणूस तिथेच थांबला. पुढे यायचं त्याला धैर्य होईना. "जहाज खडकावर फुटलं," तो मान खाली घालून बोलू लागला. "पेटी बुडाली, त्यात बाहुली होती. मग बंदरात ओझी वाहिली, पण पेटीभर काही जमेना. वाटलं, रिकाम्या हाताने या धक्क्यावर कसा उतरू? काय लिहू? एक साल गेलं, दुसरं गेलं... जितका उशीर झाला तितकी लाज वाढली."

"मग आता कसा आलास?" आईने विचारलं.

"खानावळीत एक खलाशी ही टोपी घालून यायचा. सगळे हसायचे, म्हणून तो गोष्ट सांगायचा. कुठल्याशा बेटावरच्या दोन मुलींनी बापाच्या खुंटीवरून काढून दिली. म्हणे बापाचं डोकं भोपळ्याएवढं, त्यांची आई म्हणते." त्याने वर पाहिलं. "असं मला जगात एकच बाई म्हणते. मी कोपऱ्यात बसलो होतो. उठून त्याच्यापुढे उभा राहिलो. त्या माणसाने काही न विचारता टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मला वाटलं, ज्या घरात माझ्यासाठी जुन्या लोकरीची टोपी चालते, तिथे मी नुसता चालेन कदाचित."

जो हसला होता, तो आपल्या पायांकडे बघू लागला.

बाप थोरलीसमोर गुडघ्यांवर बसला. "बाहुली नाही आणली गं."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. हे तोंड. असं होतं तर. भोपळ्याएवढं मुळीच नव्हतं, बारीक, उन्हाने रापलेलं.

"बाबा," ती म्हणाली, "बाहुली खेळायचं माझं वय गेलं. तू यायला पाहिजे होतंस, ते तेव्हाच."

बापाने टोपीच्या दुमडी सोडल्या. टोपी डोळ्यांवरून नाकापर्यंत खाली आली, आणि ती त्याने तशीच राहू दिली. टोपीखालून त्याच्या गालावर पाणी ओघळत होतं. थोरलीने त्याचा हात धरला. तो हात मात्र तिला नीट आठवत होता. त्याला वाट दिसत नव्हती, म्हणून तिनेच त्याला घरापर्यंत चालवत नेलं.

दारात त्याने चाचपडत खुंटीवरची करवंटी उतरवली, टोपी वर सरकवली आणि छपराकडे पाहिलं. वेलावर पाच भोपळे लागले होते.

"एवढी डोकी कुणाची?" त्याने विचारलं.

"तुमचीच," धाकटी म्हणाली. "कुठलं बसेल ते माहीत नव्हतं ना."

त्या दिवशी आईने भोपळ्याचे घारगे केले. धाकटीने एक भोपळा चिरू दिला, पण नीट बघून, हसरा नसलेला.

तात्पर्य: आपल्या माणसाला दाराशी वस्तू नको असते, तो स्वतः हवा असतो, म्हणून हात रिकामे आहेत या लाजेने घर लांब करू नये. आणि आपल्या माणसासाठी राखलेली ऊब दुसऱ्याच्या माणसाला दिली, तर वाट मोडत नाही. कधी कधी तिथूनच सुरू होते.