घोगऱ्याचं कुंड आणि माहेरची कॉफी

घोगऱ्या डोंगराच्या पोटात हे कुंड आहे. पाणी वरून काळं, ओंजळीत घेतलं की नितळ. यात वाकून पाहिलं तर पोटातलंही दिसतं असं सांगतात, म्हणून शहाणे पाव्हणे लांबूनच फोटो काढतात.

डोंगरावर घरोघरी थोडी थोडी कॉफीची झाडं. तोडणीला सगळ्यांची लाल फळं कुंडाच्या काठी एकाच ढिगात पडायची. एका वर्षी म्हणे इथली सून झुनकी, तिचा भाऊ साबूलाल खालच्या गावाहून बहिणीला आपल्या परसातल्या कॉफीची टोपली घेऊन आला. माहेरचं आलेलं चार बायकांना दिसायला हवं ना! झुनकीनं टोपली डोक्यावर मिरवत नेली आणि ढिगात ओतली.

दुपारी व्यापाऱ्याचा निरोप आला. उद्या ओली फळंच उचलतो, पण माल निव्वळ घोगऱ्यावरचा हवा. दुसरीकडची चव लागली तर पुन्हा या वाटेला येणार नाही.

झुनकीनं भाकर तशीच झाकून ठेवली. फळासारखं फळ, निवडणार कसं? सांगावं तर माहेराचं नाव जातं, लपवावं तर गावाचं वर्ष. सासू सारखी कपाळाला हात लावून ताप बघत होती. भाऊ ओसरीवर घोरत होता. भाऊ तेवढ्यासाठीच येतात.

सांजेला ती कुंडातल्या देवीला हात जोडायला गेली. "माये, तुझ्या डोंगराचं तू ठेव, माझं मला परत दे. मी चारचौघांत कबूल करीन."

सकाळी तिनं बाटू पटेलाला गळ घातली, की व्यापारी यायच्या आत फळांना मायच्या पाण्यात आंघोळ घालू. पटेल गावचा मुखिया, स्वतः आंघोळीचा कंटाळा असलेला. पण देवीचं नाव निघाल्यावर नाही कसं म्हणणार?

ढीग कुंडात लोटला. पाणी घुसळलं, गढूळलं. फळं बुडाली. मग एक फळ वर आलं, दुसरं आलं, आणि येतच राहिली.

"वर आलंय ते माझ्या माहेरचं हाये," ती म्हणाली. "मीच मिसळलं."

टोपली एक, आणि इथं अख्खं कुंड झाकलेलं. त्यात पोकळ होती, किडकी होती, घाईनं तोडलेली हिरवीही होती. जो तो पाण्याकडे बघत राहिला.

शेवटी पटेलाची म्हातारी लुगडं खोचून पाण्यात उतरली. "एवढं मोठं माहेर कोणाचं असते वं, पोरी? ह्यात आमचंबी हाये."

मग एकेक घर उतरलं. तळाशी राहिलं तेवढंच व्यापाऱ्यानं नेलं, आणि दर साली येत राहिला म्हणे.

आजही तोडणीचा ढीग आधी कुंडात जातो. पाणी निवळेपर्यंत कुणी बोलत नाही. पटेलांच्या घरचे तर श्वासही जपून घेतात. वर येतं त्याला गावात 'माहेरचं' म्हणतात. ते विकायचं नाही. घरीच वाळवायचं, कुटायचं, आणि कुंड पाहायला आलेल्या पाव्हण्यांना प्रेमानं पाजायचं.

मघाशी तुम्ही वाहवा करत दोनदा मागून घेतलीत ना, ती तीच.