मैनाच्या पोटातली गारगोटी

बोरमाळ गावाच्या आसपासची सगळी जमीन काळीभोर, आणि मधेच एक टेकाड मात्र पांढरंशुभ्र. लांबून वाटावं, कुणी कापूस वाळत घातलाय. जवळ गेलं की कळतं, त्या साऱ्या गारगोट्या आहेत. टेकाडावर गारजाईचं उघडं ठाणं आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की तो हटकून खाली वाकतो. मग गावातलं कुणीतरी जाणतं माणूस त्याला म्हणतं, "बसा जरा. आधी ऐका, मग वेचा."

फार मागे, म्हणे, इथल्या ओढ्यात एक चमकता खडा सापडला आणि गावाला हिऱ्याचं वेड लागलं. पेरण्या राहिल्या, माणसं चाळण्या घेऊन ओढ्यात बसली. खडा मिळाला की तो जायचा नानबाकडे. नानबा तरुणपणी कुठल्याशा शहरात एका जवाहिऱ्याच्या ओट्यावर आठ दिवस मुक्कामाला होता. तेवढ्यावर गावानं त्याला पारखी केलं. त्याची परीक्षा ठरलेली. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि ती टिकते का बघायचं. मग एक डोळा मिटून खडा उन्हात धरायचा. शेवटी काचेच्या बांगडीवर ओरखडा काढायचा. तसा ओरखडा साध्या गारगोटीनंही उठतो, पण नानबाला सांगणार कोण? बायकांच्या हातात एक बांगडी धड उरली नाही. हिरा कुणालाच मिळाला नाही, कासाराचं मात्र बरं चाललं, असं सांगतात.

गावात धुरपता नावाची एक लेकुरवाळी होती. तिची मैना दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. रांगतं मूल म्हणजे चालती केरसुणीच. दिसेल ते गोळा करायचं, आणि गोळा केलेलं तोंडात घालायचं. धुरपताचा जीव दिवसभर टांगणीला. नवरा शिदबा ओढ्यावरून आला की ती आधी त्याचं धोतर उंबऱ्याबाहेर झटकायला लावी.

"तुला दगडच दिसतात," तो म्हणे, "नशीब दिसत नाही."

एका सकाळी शिदबाला हरभऱ्याएवढा खडा मिळाला. नानबानं वाफ सोडली, डोळा मिटला, धुरपताची उरलीसुरली बांगडी खरवडली आणि मिशीवर हात ठेवून सांगितलं, "हिरा! नसेल तर ही मिशी उतरवीन."

शिदबानं तो ताम्हनात घालून देवापुढं ठेवला आणि नारळ आणायला धावला. धुरपता चुलीवरचं दूध उतरवून वळली, तर मैना ताम्हनात बसलेली. खडा नाही. पोर मिटक्या मारतेय.

धुरपतानं हंबरडा फोडला. सारा गाव अंगणात जमला. हिरा पोटात गेला की आतडी कापत जातो, हे तेव्हा जो तो मानायचा. गारगोटी असली तर गेली तशी बाहेर येईल. म्हणजे आता सगळं नानबाच्या शब्दावर.

धुरपतानं त्याचे पाय धरले. "मामा, गारगोटी होती म्हणा ना हो!"

"तीन परीक्षा केल्यात, पोरी. आता कसं म्हणू?"

शिदबा रडत रडत देवाला म्हणाला, "देवा, पोर वाचू दे. आणि जमलं तर हिरासुद्धा..." धुरपतानं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचं त्यानं गिळलं.

मग ती टेकाडाकडे तोंड करून उभी राहिली. "गारजाई, सगळं गाव हिरा मागतं, मी दगड मागते. माझ्या लेकीच्या पोटात साधी गारगोटी निघू दे. सूपभर गारगोट्या तुला वाहीन."

पोरीला केळी चारली, तूप पाजलं. दुपारी मैना पोट धरून कळवळू लागली, तेव्हा नानबा गुपचूप उठून गेला. लोक म्हणाले, पळाला. घटकाभरानं तो परत आला, तर ओठावर मिशीच नाही! तो थेट धुरपतापुढं उभा राहिला.

"गारगोटीच होती. माझी पारख चुकली."

त्याला ते खरंच वाटत होतं की बाईचे हाल बघवले नाहीत, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण धुरपतानं डोळे पुसून पोरीला थोपटायला घेतलं, आणि आईच्या मांडीवर पोर झोपली.

दुसऱ्या दिवशी खडा बाहेर आला. मैना हसून आणखी केळं मागत होती. शिदबानं खडा राखेनं घासला. आधीपेक्षा जास्तच झळकत होता मेला! तो म्हणाला, "एकदा फिरून तपासू या का?"

"नाही," धुरपता म्हणाली. "माझ्या लेकीच्या पोटानं तपासलाय. गारगोटी आहे."

तिनं तो सूपभर गारगोट्यांत मिसळला आणि सूप गारजाईपुढं रिकामं केलं. ते कळताच पुरुष चाळण्या घेऊन टेकाडावर निघाले. पण ज्या ज्या घरात रांगतं मूल होतं, तिथली बाई त्यांच्या आधी सूप भरून वर पोचली. ओतल्या गारगोट्या! चाळणार तरी किती?

आजही बोरमाळमध्ये मूल रांगायला लागलं की आई सूपभर गारगोट्या टेकाडावर ओतून येते. हे सारं ऐकूनही एखादा पाहुणा खडा उचलतोच, एक डोळा मिटून उन्हात धरतो. त्याला कुणी अडवत नाही. गावची बाई एवढंच विचारते, "दादा, घरी लेकरू रांगतंय का हो?"

पाहुणा खडा जागेवर ठेवतो.