वेलीतली कोरी जागा

एकदा एक भिंत सिनेमात गेली. चालत गेली नाही, हे तुम्हा सुज्ञांना सांगायला नको. सिनेमाच गावात येऊन तिच्यापुढे उभा राहिला. नदीकाठच्या धर्मशाळेची ती लांबलचक भिंत. तिच्यावर हत्ती, मोर, वाजंत्री, आणि खालून या टोकापासून त्या टोकाकडे धावणारी एक हिरवी वेल. एका गाण्यात नायिका त्या वेलीला बोट लावत पळाली आणि भिंत घरोघरच्या मोबाइलवर जाऊन पोहोचली.

ती रंगवणारा वृद्ध चित्रकार अजून हयात होता. त्याला एक शिष्यही होता. शिष्य म्हणजे कोवळं पोर नव्हे. चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप. गाणं पाहून तो आधी फुगला, आणि खालचे शेरे वाचून फुटला. लोकांनी लिहिलं होतं, ‘वेलीत मध्येच पानं गायब! पेंटरला डुलकी लागली होती काय?’

आणि ते खरंच होतं. नऊ पानं झाली की एका पानाची जागा कोरी. पुन्हा नऊ पानं, पुन्हा कोरी. पुढे पुढे तर पाच पानांवर, मग तीन पानांवरच. शिष्याने हे रोज पाहिलं होतं, पण गुरूला विचारायची छाती झाली नव्हती. आता सिनेमावाले दुसऱ्या गाण्यासाठी परवा परत येणार होते. आपल्या गुरूचं पुन्हा हसं होऊ नये, एवढा एकच ध्यास त्याला लागला. दुपारी म्हातारा जेवून कलंडला, तसा हा हिरवा रंग कालवून निघाला. चहाच्या वेळेपर्यंत त्याने एकूण एक जागा बुजवली. वेल कोपऱ्याच्या हातभर अलीकडेच संपत होती; तीही उदार मनाने कोपऱ्यापर्यंत नेऊन सोडली.

म्हातारा उठून आला. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत न्याहाळली. आता शिवी मिळते की शाबासकी, म्हणून शिष्य श्वास रोखून उभा. दोन्हींतलं काहीच मिळालं नाही.

“गाणं म्हण,” म्हातारा म्हणाला.

“कुठलं, आबा?”

“मी रोज गुणगुणतो ते. लाजू नकोस, आंघोळीच्या वेळी तूही ओरडतोस, साऱ्या आळीला ठाऊक आहे. अक्षराला एक पान. पानापानाला बोट लावत जायचं. आणि पान आहे तिथं थांबायचं नाही.”

शिष्याने सुरुवात केली, ‘कोरी घागर नेली कुणी…’ नऊ पानं झाली. आता दम घ्यावा, तर समोर त्याचंच ताजं, ओलं पान. त्याने शेवटचं अक्षर ओढून ते पार केलं आणि दुसरी ओळ धरली, मग तिसरी. मोराजवळ आवाज चिरकला, वाजंत्र्यांजवळ डोळे बाहेर आले, आणि गडी मटकन खाली बसला.

“कळलं?” म्हातारा खुदकन हसला. “लेका, तू केरबाचा श्वास बुजवलास.”

मग तो शेजारी टेकला. “मी रंगवायचो, तेव्हा केरबा खाली बसून रंग खलायचा आणि गायचा. आवाज असा, की नदीपलीकडची म्हैस मान वळवायची. त्याच्या अक्षरावर माझं पान पडायचं. पहिल्या दिवशी तो थांबला तरी मी पान काढायला गेलो, तर खालून ओरडला, ‘अरं, मला दम तर खाऊ दे!’ तेव्हापासून तो थांबला की मी कुंचला उचलायचो. पुढे जागा जवळजवळ आल्या, ते माझ्या डुलकीनं नव्हे. त्याला दम्यानं धरलं. नऊ अक्षरं एका दमात जाईनात. पाच जायची, मग तीन. आणि कोपऱ्याच्या हातभर अलीकडे…”

ते वाक्यही तिथंच संपलं.

“त्या सिनेमातली बाई तीन कडवी गाते आणि एकदाही श्वास घेत नाही. यंत्रात कापून टाकतात म्हणे. टाकू देत. केरबा ना रेडिओवर गायला, ना तबकडीवर. तो कुठं कुठं थांबला, तेवढंच त्याचं उरलंय.”

शिष्याने फडकं भिजवलं आणि स्वतःची पानं एकेक करून पुसली. कोपऱ्यातली हातभर वेल मात्र म्हाताऱ्याने स्वतः पुसली.

सिनेमावाले ठरल्याप्रमाणे आले. त्यांच्यातला एकजण वेलीकडे बोट दाखवून म्हणाला, “इथं पानं राहिलीत. काळजी नको, आम्ही कॉम्प्युटरवर भरून टाकू.”

“भरा की!” शिष्याने मिशीवरून हात फिरवला. “फक्त आधी एक गाणं म्हणायचं, साहेब. अक्षराला एक पान.”

साहेबाला गंमत वाटली. शिष्य ओळ सांगू लागला, तो हसत हसत म्हणू लागला. नवव्या पानानंतर त्याने दम घेतला, आणि त्याचं बोट आपसूक कोऱ्या चुन्यावर टेकलं. हसू थोडं ओसरलं. तो गात गात पुढे गेला. पाच पानं, मग तीन. कोपऱ्याच्या हातभर अलीकडे तो थांबला, आणि पानं भरायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

धर्मशाळेच्या ओट्यावर म्हातारा डोळे मिटून बसला होता. त्याचं बोट मांडीवर एकेक पान टेकवत होतं. नऊ टेकवली, आणि दहाव्याला बोट उचलून धरलं.