ठकूबाईची केरसुणी

गोपाळगिरी महाराजांचे वास्तव्य कवठेवाडीस असे. पण त्या वर्षी चैत्रात ते मंडळींना घेऊन दक्षिणेच्या यात्रेस निघाले. वाटेत देवळे झाली, धबधबे झाले, आणि कृष्णाकाठच्या एका टेकडीवर बौद्ध भिक्षूंचा ओसाड विहार लागला. डोंगरात कोरलेल्या खोल्या, पडका स्तूप आणि शिर नसलेली बुद्धमूर्ती. महाराजांनी मूर्तीला लोटांगण घातले. बरोबरचे विश्वंभरशास्त्री मात्र ताठ उभे राहिले.

मंडळींत ठकूबाई नावाची विधवा होती. 'जिथे टेकशील ती जागा आधी झाड,' एवढाच उपदेश महाराजांनी तिला केला होता. तिने पदर खोचला आणि एकेक खोली झाडायला घेतली.

शास्त्रीबुवा म्हणाले, "काय ठकूबाई, भिक्षू संध्याकाळी परत यायचेत वाटतं?"

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या फक्त शास्त्रीबुवांच्या पत्नी, उमाकाकू. वाटभर ठकूबाईला मायेने जवळ बसवणाऱ्या त्याच एकट्या. तरीही ठकूबाईच्या मनाला फार लागले. केरसुणी दरीत भिरकावून द्यावी असे तिला वाटले.

इतक्यात उमाकाकू भोवळ येऊन कोसळल्या. अंग तव्यासारखे तापलेले, ओठ सुकलेले. पाण्याची भांडी चढणीवरच रिती झाली होती आणि नदी खाली दूर राहिली होती. शास्त्रीबुवा उपरण्याने त्यांना वारा घालू लागले.

महाराज म्हणाले, "ठकू, झाडून झालं का गं?"

"कडेची एक खोली राहिलीय, महाराज."

"मग ती झाड."

"इथे माझी बायको जातेय आणि तुम्हाला केराचं पडलंय!" शास्त्रीबुवा ओरडले.

ठकूबाई रडतरडतच आत शिरली. कोपऱ्यातला पाचोळा ओढला, तो केरसुणीचे टोक ओले लागले! खाली भिक्षूंनी खोदलेले टाके होते, गार पाण्याने काठोकाठ भरलेले. तोंडावर पाण्याचे हबके बसले, घोटघोट पाणी पोटात गेले, आणि उमाकाकूंनी डोळे उघडले.

"ठकू, रडतेस कशाला?" त्या म्हणाल्या, आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.

शेळ्या घेऊन आलेला तिथला म्हातारा टाक्याकडे बघतच राहिला. त्याच्या आजाच्या वेळेपासून ते कोरडे ठणठणीत होते. महाराजांची लीला, दुसरे काय!

शास्त्रीबुवा पाय धरायला धावले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मूर्तीपुढचं अंगण राहिलंय," ते हसून म्हणाले.

शास्त्रीबुवांनी ठकूबाईपुढे दोन्ही हात पसरून केरसुणी मागितली.

"घरी कधी हात लावला नाही हो हिला," उमाकाकू ठकूबाईच्या कानाशी पुटपुटल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

शास्त्रीबुवा वाकून झाडत झाडत मूर्तीच्या पायांशी पोचले. तिथे त्यांनी केरसुणी बाजूला ठेवली आणि मस्तक टेकले.