दीपगृहाची वही

फार पूर्वी समुद्रकाठचं एक दीपगृह बंद पडलं आणि तिथला राखणदार गाव सोडून गेला. त्याच्यावर जीव असलेला एक म्हातारा वानर मागे राहिलेल्या वस्तू वेचून वरच्या खोलीत जपू लागला. पितळी कंदील, फुटकी दुर्बीण, लोकरीची टोपी आणि एक जाड वही.

ऐन थंडीत एके सकाळी त्याला वही कुरतडणारी उंदरीण दिसली.

"अगं, थांब!"

"कशी थांबू, आजोबा? पिल्लं गारठलीत. आणि तुम्हाला कुठे वाचता येतं?"

"नाही येत. पण वादळातून सुखरूप आलेल्या प्रत्येक जहाजाचं नाव तो मोठ्याने घेत हिच्यात लिहायचा. लिहिताना हसायचा."

वानराने टोपी उचलली. तिला अजून राखणदाराच्या डोक्याचा वास होता. क्षणभर नाकाशी धरून त्याने ती उंदरिणीपुढे ठेवली. "घे. उबदार आहे."

उंदरीण टोपी ओढत बिळात गेली. थोड्या वेळाने ती चार चुरगळलेली पानं तोंडात धरून परत आली.

"ही कालच नेली होती, आजोबा," ती खाली मान घालून म्हणाली. "पिल्लांनी जरा ओली केलीत. उन्हात वाळवा, अक्षरं शाबूत आहेत."